बसलेल्या गाईची जाहिरात

उज्ज्वलाताईंचं नाव आधी घेतो, मग बाकीचं सांगतो. उज्ज्वलाताई वरवंडला दूध संकलन केंद्रावर काट्यापाशी बसतात. सकाळ-संध्याकाळ दूध मोजायचं, फॅट लावायची म्हणजे दुधातला स्निग्धांश तपासायचा, स्लिप द्यायची, हे त्यांचं काम. आज माझा धंदा चालू आहे तो त्यांच्यामुळं, आणि माझ्या त्या धंद्याच्या जाहिरातीपायी त्यांची नोकरी जायची वेळ आली होती, तीही माझ्यामुळं. लिहायला बसायच्या आधी त्यांना विचारलं, ताई, तुमचं नाव घालू का? म्हणाल्या, "घाला की. फकस्त आडनाव नगा घालू, आप्पा परत मीटिंग लावत्याल." आप्पा म्हणजे केंद्राचे चेअरमन. ते पुढं येतीलच.

मी मूळचा चंद्रपूरच्या पलीकडचा. नववीत शाळा सोडली. म्हणजे गणितानं मला सोडलं आणि त्या रागात मी बाकीच्या विषयांना सोडलं. एका ठेकेदाराबरोबर शिरूर तालुक्यात कारखान्यांत वेल्डिंगला आलो. इकडच्या लोकांना विदर्भ म्हणजे नागपूर, त्यामुळं पहिल्या दिवसापासून माझं नाव 'नागपूर'. स्वभाव भित्रा. सुपरवायझरनं काहीही सांगितलं की "हो सर" म्हणायचं, मग काय सांगितलं ते दुसऱ्याला विचारायचं, अशी सगळी उमेदवारी झाली. परक्या मुलखात 'नाही' म्हणायला जी छाती लागते ती माझी भरायची राहूनच गेली.

आता मशीन काय ते सांगतो. संकरित गाय भरपूर दूध देते आणि वजनालाही भरपूर असते. व्याल्यावर अंगातलं कॅल्शियम उतरलं की कधीकधी ती बसते ती उठतच नाही. डॉक्टर येतो, सलाईन लावतो, पण गाय एका कुशीवर फार वेळ राहिली तर खालचा पाय स्वतःच्याच वजनानं निकामी होतो. मग औषध लागू पडूनही उपयोग नाही. तिला उभं करावंच लागतं. पूर्वी बांबू आणि पोती घेऊन गल्लीतली दहाबारा माणसं लागायची, आणि हल्ली गल्लीत दहाबारा माणसं सापडतात ती फक्त मोबाईलवर. भांडगावच्या एका शेतकऱ्यासाठी मी पाईपाची घोडी केली, चाकं लावली, वर साखळीची कप्पी, गाईच्या खुब्याला धरणारा शिकंजा आणि छातीखालून रुंद पट्टा. त्यांची गाय उभी राहिली. शेतकऱ्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला, तो एवढा गोड वाटला की मी ठेकेदाराचं काम सोडलं, आणखी एक मशीन बनवलं, वरवंडला दूध केंद्राच्या मागचं पत्र्याचं शेड भाड्यानं घेतलं आणि गाई बसायची वाट बघू लागलो.

हे वाक्य मी मुद्दाम तसंच ठेवलं. माझ्या धंद्याची अडचण तीच आहे. दुसऱ्याच्या गोठ्यात वाईट झाल्याशिवाय माझ्या घरी चूल नाही. देवापुढं हात जोडले तरी मागायचं काय, हा प्रश्न पडायचा.

पण गाई बसत होत्या आणि मला कळत नव्हतं. कळायचं तेव्हा उशीर झालेला असायचा. एकदा पाटस बाजूला गेलो तर गाय तीन दिवस एकाच कुशीवर होती. उचलली, पण पायच टेकेना. घरातल्या म्हातारीनं मला विचारलं, "आधी का आला न्हाईस?" जणू मी रस्ता चुकलो होतो. त्या दिवशी ठरवलं की जाहिरात करायची.

आधी चौफुल्याला फ्लेक्स लावला. एका बाजूला एकाचा वाढदिवस, दुसऱ्या बाजूला एकाची निवड झाल्याबद्दल अभिनंदन, मध्ये पट्ट्यात लटकलेली माझी गाय. चहावाला म्हणाला, "नागपूर, हिची कशावर निवड झाली?"

मग ऑनलाइन. पहिल्यांदा एक फोन नंबरांची डिरेक्टरीवाली कंपनी गाठली. खरं म्हणजे तिनंच मला गाठलं. त्यांचा टाय लावलेला माणूस शिरूरच्या स्टँडवर मला भेटला, म्हणाला, "सर, लीड येतील." लीड म्हणजे गिऱ्हाइकाचा फोन. मला आयुष्यात पहिल्यांदा कोणी सर म्हणालं होतं. मी सही केली. पहिला लीड पुण्याच्या एका मॅडमचा. "वास्तुशांत आहे, गाय हवी, वासरासकट. आठवा मजला आहे, पण लिफ्ट मोठी आहे. तुमचं काउ लिफ्टिंगच आहे ना?" मी सवयीनं "हो मॅडम" म्हणालो आणि दोन दिवस वासराची गरीब गाय शोधत फिरलो. शेवटी केंद्रावर येऊन उज्ज्वलाताईंना विचारलं, कोणाची देता येईल का?

ताईंनी आधी फॅटचं मशीन बंद केलं. मग विचारलं, "भाऊ, तुमचा धंदा काय?"

"बसलेली गाय उठवायचा."

"मंग उभी गाय घिऊन आठव्या मजल्यावं कशाला निघालाय?"

त्यांनीच त्या मॅडमना फोन करून नाही सांगितलं, आणि एवढ्या गोडीनं सांगितलं की मॅडमनी उलट त्यांना वास्तुशांतीचं आमंत्रण दिलं. फोन ठेवून ताई म्हणाल्या, "आजपासनं तुमी फोन उचलूच नका. तुमी कुणालाबी हो म्हणताय. जाहिरातीत माझा नंबर टाका, मी हितं बसल्यालीच असती."

असा त्यांचा नंबर जाहिरातीत गेला. तिथून पुढची सगळी आग मी लावली.

डिरेक्टरीवाली कंपनी सोडली, कारण तिचा एकच लीड एकाच वेळी पाचसहा जणांना जायचा आणि आम्ही सगळे त्या एका माणसाच्या मागं लागायचो. मग वळलो सर्चवाल्या मोठ्या कंपनीकडं. तिचं नाव घेत नाही, तुमच्या फोनात आहेच. तिथला कारभार असा: माणूस काहीतरी शोधतो, ते शब्द तुम्ही आधी देऊन ठेवलेल्या शब्दांशी जुळले की तुमची जाहिरात वर दिसते, आणि त्यानं तिच्यावर बोट ठेवलं की तुमचे पैसे कापले जातात. त्याला तुम्ही नको असलात तरी कापले जातात. कोणते शब्द द्यायचे, किती लांबपर्यंत दाखवायची, हे सगळं आपण ठरवायचं. निदान मला तसं वाटलं होतं.

तर त्या स्क्रीनवर एका कोपऱ्यात मार्क दिसायचे. शंभरपैकी. जाहिरात किती नीट चालवलीय त्याचे मार्क. मला पहिल्यांदा एकेचाळीस होते.

ज्यांनी शाळा पुरी केली त्यांना हे समजणार नाही. मला एकेचाळीस बघून नववीचा वर्ग दिसला, मास्तरांच्या हातातला गठ्ठा दिसला. पण इथं एक सोय होती. मार्कांच्या खाली सूचना असायच्या, अमुक करा म्हणजे मार्क वाढतील, आणि पुढं एक बटण. दाबलं की एकेचाळीसचे पंचावन्न. अजून एक दाबलं, अडुसष्ट. काय केलं ते वाचायला इंग्रजी येत नव्हतं, पण मार्क वाचता येत होते. दर आठवड्याला कंपनीकडून नव्या मुलाचा फोन यायचा. "सर, मी तुमचा नवीन अकाउंट एक्स्पर्ट. रीच वाढवूया?" हो सर. "शब्द थोडे ब्रॉड करूया?" हो सर. ते मला सर म्हणायचे आणि मी त्यांना.

महिन्याभरात मला शंभरात चार कमी एवढे मार्क झाले. घरी फोन लावून आईला सांगितलं. माय म्हणाली, "पास झालास का रे बाबू?" मी म्हटलं, फर्स्ट क्लासात. तिनं शेजारी साखर वाटली.

आणि इकडं उज्ज्वलाताईंच्या फोनला उसंत मिळेना. 'रीच वाढवूया' म्हणजे माझी जाहिरात देशभर दिसत होती आणि 'ब्रॉड' म्हणजे काहीही उचलू पाहणाऱ्या कुणालाही. इंदूरहून दवाखान्याचा फोन, मरीज को बेड से उठाना है. बिल्डिंगच्या लिफ्टवाल्यांचे फोन. बंद पडलेली मोटारगाडी उचलायची आहे म्हणून फोन. एका जिमवाल्यानं विचारलं, किती किलोपर्यंत उचलता? ताईंनी खरं उत्तर दिलं, तर तो चाट पडला. एकाला जॅक लावून आख्खं घर उचलून हवं होतं. हे सगळं संध्याकाळच्या दुधाच्या वेळी, बाहेर किटल्यांची रांग लागलेली असताना. रांगेतले लोक म्हणायचे, "ताई, फॅट सांगताय का पेशंटचं वजन?"

एका संध्याकाळी फोनच्या नादात एकाचं दूध दुसऱ्याच्या नावावर गेलं. ताईंनी तिथल्या तिथं दुरुस्त केलं, पण ज्याचं गेलं होतं तो आप्पांचा भाऊबंद. आप्पा आले. पांढरी टोपी, हातात गाडीची चावी. मी शेडच्या दारात उभा होतो, मला दिसेल आणि ऐकू येईल अशा बेतानं बोलले.

"उज्ज्वला, दूध मोजतीस का क्रेन चालवतीस?"

"चुकून झालं आप्पा, लगीच निस्तारलं."

"ह्या नागपूरला जाहिरात करायचीय तर त्यानं त्याच्या आयशीच्या नंबरावं करावी. मीटिंगपतुर ही कटकट बंद झाली न्हाई तर मला दुसरं माणूस बघावं लागंल. लई पोरी हायत्या शिकलेल्या."

ताईंनी पुढच्या माणसाची किटली घेतली. त्यांच्या घरी नवऱ्याचं काम कधी लागतं कधी नाही, दोन पोरं शिकतात. काट्यापाशीची ती खुर्ची गेली तर काय होईल ते मला कोणी सांगायची गरज नव्हती. केंद्राच्या संचालकांची मीटिंग पुढच्या आठवड्यात होती.

दूध संपल्यावर मी गेलो. म्हटलं, ताई, जाहिरात बंदच करतो. मी परत ठेक्यावर जातो.

"आन् मशीन काय भंगारात घालताय? बसा." कॅन धुता धुता त्या म्हणाल्या, "मी चुकीचा फोन आला की इच्यारती, दादा, तुमी शोधलं काय व्हतं? लोक सांगत्यात. लिफ्ट म्हनत्यात, उचलायचं मशीन म्हनत्यात, क्रेन म्हनत्यात. ह्यातल्या येकाच्याबी तोंडात गाय न्हाई. मंग गायवाला काय शोधतो? तुमी गायवाल्यासाठी काय लिव्हलंय?"

मी माझी जाहिरात दाखवली. लिहिलं होतं: 'आपली गाय सदैव उभी राहो. निरोगी गोमाता, समाधानी शेतकरी.' शब्द दिले होते, 'काउ लिफ्टिंग मशीन', 'निरोगी गाय', 'गोमाता सेवा'.

ताईंनी वाचलं. परत वाचलं. "भाऊ, ह्ये जाहिरात हाय का आशीर्वाद?"

मग मला सांगावं लागलं. आमच्याकडं बसलेल्या जनावराचं नाव काढत नाहीत. काढलं तर ते अरिष्ट दुसऱ्याच्या गोठ्यात जातं असं माय म्हणते. मी जाहिरात लिहिताना तिला विचारलंही होतं. ती म्हणाली, "असं अभद्र कायले लिवतेस? चांगलं लिव." म्हणून चांगलं लिहिलं. आणि खरं सांगायचं तर मला स्वतःलाही लाज वाटत होती. 'तुमची गाय बसली का?' असं गावभर विचारत फिरायचं म्हणजे टपून बसल्यासारखं.

ताई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "दवाखान्याच्या पाटीवं काय 'सगळे ठणठणीत' असं लिवत्यात व्हय? ज्याची गाय उभी हाय त्यो कशाला फोन हातात घील? माझ्याकडं रोज सकाळी कुणी ना कुणी रिकामी किटली घिऊन येतो, म्हनतो, ताई, आज दूध न्हाई, गाय बसलीया. उठंना झालीया. ढोसलं तरी पाय टेकंना. असं म्हनतो त्यो. काउबिउ न्हाई म्हनत. आन् त्याला इंग्रजी टाइप करायचं न्हाई, त्यो फोन तोंडापाशी धरून बोलतोय. तुमी त्यो बोलतो तसं लिवा."

त्या संध्याकाळी धुतलेल्या कॅनवर बसून आम्ही नवी जाहिरात लिहिली. ओळीत अक्षरं मोजून मिळतात, काना-मात्रासुद्धा मोजतात. 'गाय बसली? उठत नाही?' मग 'उचलायचं मशीन गोठ्यावर आणतो'. शब्द दिले ते ताईंनी ऐकलेले: गाय बसली, गाय उठेना, व्याल्यावर गाय उठत नाही. लिफ्ट, जिम, पेशंट, क्रेन, गाडी, घर हे नको असलेल्या शब्दांत टाकले. नको असलेल्या शब्दांनाही एक जागा असते हे मला तेव्हा कळलं. जाहिरात दाखवायची ती फक्त दौंड आणि शिरूर तालुक्यांत.

दर बदलाला स्क्रीन मला विचारत होती, नक्की ना? मार्क कमी होतील. ऐंशी. बासष्ट. शेवटचं बटण दाबलं तेव्हा अडतीस. पहिल्यापेक्षाही कमी. ताई म्हणाल्या, "चला, नापास झालाव. आता कायतरी हुईल."

दुसऱ्याच दिवशी कंपनीच्या नव्या मुलाचा फोन. माझ्या नंबरवर, कारण खातं माझं. "सर, तुमचा स्कोर खूप खाली आलाय, मी एका क्लिकमध्ये पूर्ववत करतो. करू ना सर?" माझ्या तोंडात 'हो' तयार होतं. मी म्हणालो, "नको."

"सर?"

"नको, सर."

फोन ठेवला आणि मला घाम फुटला. वाटलं, आता सुपरवायझर येणार.

त्यानंतर फोन बंदच झाले. चुकीचे गेले, पण बरोबरचेही येईनात. सोमवार, मंगळवार, बुधवार, ताईंचा फोन काट्याच्या बाजूला गप्प. आप्पा येता-जाता बघायचे. मला वाटलं, आपण जाहिरात मारूनच टाकली. पण ताई म्हणायच्या, "गाय बसंना तर चांगलंच हाय की. तुमाला काय, लोकांच्या गाई बसवायच्यात?"

मीटिंगच्या आदल्या दिवशी संध्याकाळी, रांग भरात असताना फोन वाजला. आप्पा आत खुर्चीत बसलेले. ताईंनी फोन स्पीकरवर टाकला, कारण हात दुधाचे होते. पलीकडून एक बाई रडत होती. न्हावऱ्याच्या पुढची वस्ती. मालक पुण्याला, घरी ही एकटी आणि सासू. "मी फोनला म्हनलं, गाय बसली, उठंना, तर तुमचं आलं. काल व्यालीया. डॉक्टर सलाईन लावून गेला. तुमी खरंच उठवता का वो?"

रांग खिडकीशी सरकली. सगळे दूधवालेच. ताई एका हातानं किटली ओतत बोलत होत्या. "बाई, रडू नका. कुठल्या कुशीवं हाय? डाव्या? सासूबाईला घ्या, तिला दुसऱ्या कुशीवं वळवा. शेपूट वढू नका. पाठीला पेंढीचा टेकू द्या. खाली ओलं आसंल तर भुस्सा टाका. मान्स निघाली हायत." आणि मला खिडकीतून, "निघा की!"

मी टेम्पोत मशीन टाकून चौफुल्यावरून न्हावऱ्याच्या रस्त्याला लागलो. पोचलो तेव्हा दोघी बायकांनी गाईला कूस बदलवून पेंढ्यांनी अशी टेकवली होती की मला कौतुक वाटलं. शिकंजा लावला, पट्टा घेतला, साखळी हळूहळू ओढली. गाय उठली आणि लटकली. पाय जमिनीला लागले पण वजन घेईनात. इथं घाई करायची नसते. आम्ही तिघं तिचे पाय चोळत राहिलो. सासूबाई गाईशी बोलत होत्या, "ऊठ गं, लोक बघत्यात." मग एका क्षणी साखळीतला ताण कमी झाला. गाईनं वजन स्वतःवर घेतलं होतं. ती मुतली, म्हणजे सावरली, आणि सून मोठ्यानं हसली. आमच्या धंद्यात याच्याइतकी चांगली बातमी नाही.

ताईंना फोन केला. त्यांनी रांगेला सांगितलं, "उठली!" पलीकडून गलका ऐकू आला, आणि त्यात आप्पांचा आवाज: "स्लिप द्या आधी, म्हागं लोक थांबल्यात."

आप्पांनी शाबासकी दिली, असं लिहायला मला आवडलं असतं. मीटिंगमध्ये ठराव झाला: केंद्राच्या वेळेत कर्मचाऱ्यानं बाहेरचा फोन घ्यायचा नाही. ताईंची नोकरी राहिली, एक मत जास्त पडलं म्हणून. ते मत कोणाचं ते अजून कोणी सांगत नाही. आप्पांना मी एकदा भीतभीत विचारलं, तर म्हणाले, "नागपूर, तू तुझ्या गाई उचल."

तेव्हापासून जाहिरातीत माझाच नंबर आहे. फोन आला की मी ताई विचारायच्या तेच विचारतो. कूस कुठली, कधी व्याली, खाली ओलं आहे का. कोरेगाव भीमापासून दौंडपर्यंत जातो. काही गाई उठतात, काही उठत नाहीत. उशिरा कळलेल्या अजूनही असतात आणि त्या रात्री जेवण जात नाही. कंपनीचे फोन येतात, मी नको म्हणतो, अजून घाम फुटतो. मार्क चाळिशीच्या वर गेले नाहीत. मायला मी ते सांगितलेलं नाही.

ताईंना पैसे देऊ केले तर त्या रागावल्या. मग परवा बोलता बोलता कळलं की त्यांना नागपूरला दीक्षाभूमीवर जायचंय, सासू असल्यापासून ठरतंय, आणि एकदाही जमलेलं नाही. कारण दूध रोज दोनदा येतं. काट्यापाशी दुसरं माणूस बसवल्याशिवाय सुट्टी नाही, आणि एकदा दुसरं माणूस बसलं की ते उठेल का, ही भीती.

म्हणून मी आता संध्याकाळी मशीन धुऊन झालं की केंद्रात ताईंच्या मागं उभा राहून फॅट लावायला शिकतोय. आप्पा बघतात, पण शिकतोय. ताई, जमेल त्या वर्षी तुम्ही पोरांना आणि दाजींना घेऊन दौंडला गाडीत बसा. तुमच्या खुर्चीत मी बसेन, सकाळ-संध्याकाळ, आणि तुम्ही आलात की उठेन. दीक्षाभूमी झाली की आमच्या गावी जा. मायला सांगून ठेवलंय. ती तुम्हाला जेवल्याशिवाय सोडायची नाही.